पुसलेला माग

लुवैतीला काही सुधरेना. जिद्दा नावाच्या वाळवंटी चुनखडी माळावर ओरिक्स हरणांची राखणदारी करण्यात त्याचा उभा जन्म गेला होता. उंटाच्या पावलावरून तो मालकाचं नाव सांगे. आणि आज ज्या झुडपाखाली ओरिक्स हरिणीने पिल्लू दडवलं होतं, ते झुडूप रिकामं होतं, आणि धुक्याने ओल्या मातीत त्याच्याच बायकोची, गुबैशाची पावलं होती. डावा पाय जरासा फरफटलेला. येताना हलकी, जाताना खोल.

गुबैशा पिल्लं चोरणाऱ्यांना मिळाली? छे, शक्यच नाही. पण पावलं काय खोटं बोलतात होय? राखणीतला जोडीदार हमूद येईल, एका नजरेत ओळखेल. लुवैतीचं डोकंच चालेना. एक वाळकी फांदी घेऊन त्याने झुडपाभोवतीची सगळी माती झाडून काढली. पुढे नुसता खडक होता. माग उमटायचा तो एवढ्याच मातीत.

घरी गुबैशा एका करडाच्या पायाला फडकं बांधत होती.

"ओरिक्सचं पिल्लू कुठंय? तुझी पावलं पाहिली मी तिथे."

"माझी पाहिलीस, आणि या करडाचे खूर नाही दिसले? लंगडं झालं म्हणून खांद्यावर घेऊन आले."

खूर त्याने पाहिलेच नव्हते.

"पिल्लू आधीच गेलं होतं, साहिलच्या बापा. बाजूलाच बुटांचा माग होता, परक्याचा. मी मुद्दाम त्यावर पाय दिला नाही. म्हटलं, तू येशील, धरशील त्याला."

लुवैती मटकन खाली बसला.

"बसतोस काय असा? जा की. वारा सुटला की माग राहायचा नाही."

तो परतला तेव्हा हमूद झुडपापासून लांब उकिडवा बसला होता. "चोर पक्का आहे. सगळं झाडून गेलाय," तो म्हणाला. "पण तू आलास ना, तू काढशील माग."

हरिणी दूध पाजायला आली होती. कास तटतटलेली. झाडलेल्या मातीला तिने नाक लावलं, मान वर केली, पुन्हा नाक लावलं.

"मीच पुसला," लुवैती म्हणाला. त्याला रडू येत होतं.

हमूद हसला. "थट्टा पुरे. चल, उशीर होतोय."