बनुबाईचा रवा

माझ्या कामाला कुणीतरी हात लावतंय हे मला गुरुवारी सकाळी कळलं. कोण लावतंय याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. दिल्ली दरवाज्याजवळच्या त्या प्रेसमध्ये ब्रश धरणारे आम्ही दोघंच. एक मी, विजयमाला, पुण्याहून कमर्शियल आर्टचा डिप्लोमा घेऊन आलेली. दुसरे गनीभाई, दुकानांच्या पाट्या रंगवणारे, शाळेचं तोंड न पाहिलेले.

काम होतं रव्याच्या पुडक्यावरच्या लेबलाचं. केडगावच्या छगनशेठनी नवी गिरणी टाकली होती आणि रव्याला आईचं नाव दिलं होतं. ‘बनुबाई रवा.’ माझं सगळं या लेबलावर लटकलं होतं. पाथर्डीच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायची जागा वडिलांनी माझ्यासाठी पक्की करून ठेवली होती. ते म्हणाले, “शनिवारी लेबल पास झालं तर कर तुझी कला. नाही तर सोमवारी मुकाट्यानं शाळेत हजर व्हायचं.” चार वर्षं घासून मी काय पोरांना आंबे काढायला शिकवू? छट्!

म्हणून मी जीव ओतला होता. अक्षरं जाड, गोलसर, एकमेकांना बिलगलेली. आणि गुरुवारी बघते तर ‘रवा’मधला ‘व’ कुणीतरी ब्लेडनं अलगद खरवडून, सफेदा लावून, जरासा पलीकडे सरकवलेला! माझं अंग नुसतं पेटलं.

आदल्या दिवशी गनीभाई माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले होते. “बेटी, हे जरा बघ,” एवढंच म्हणाले होते. मी मान वर न करता म्हटलं होतं, “मी डिप्लोमा घेतलाय, गनीभाई.” त्याचाच हा राग, दुसरं काय! मला वाटलं, म्हाताऱ्याला धसका बसलाय. ही पोरगी टिकली तर आपल्याला कोण विचारणार? मी ‘व’ पुन्हा जागेवर आणला. त्या दिवसभरात त्यांनी चहा विचारला तरी मला त्यात काहीतरी दिसलं. ते खोकले तरी मी वळून बघितलं.

शुक्रवारी सकाळी मी मुद्दाम लवकर गेले. ‘व’ पुन्हा सरकलेला.

मी सगळ्यांसमोर मालकांना, रंगनाथरावांना, हाक मारली. खिळे जुळवणारे कंपोझिटर हात थांबवून बघायला लागले. रंगनाथरावांनी विचारलं, तर गनीभाई सरळ म्हणाले, “व्हय, मीच लावला हात. लई जवळ हुतं ते. वाचनाऱ्याला...”

“जळता तुम्ही माझ्यावर!” मी ओरडले. “मागच्या मागे चोरासारखे हात मारता! लाज नाही वाटत?”

गनीभाईंनी ब्रश पिशवीत भरले आणि निघून गेले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

शनिवारी, ‘व’ परत जागेवर आणून, माझी बिलगलेली अक्षरं घेऊन मी स्वतःच सायकलवर केडगाव गाठलं. छगनशेठनी कागद हातात घेतला, मान डोलावली आणि आईपुढे धरला. बनुबाई सत्तरीच्या. प्रौढांच्या वर्गात नुकतीच अक्षरओळख झालेली. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं.

“ब... नु... बा... ई... खा.”

“काय?” मी म्हटलं.

“बनुबाई खा,” त्या पुन्हा म्हणाल्या. “मला कशाला खायला सांगती गं?”

छगनशेठचा चेहरा उतरला. “का आमच्या आईलाच खा म्हनतीस लोकांला? ह्यो काय चावटपना?”

मी कागद बघितला. ‘र’ आणि ‘व’ इतके चिकटले होते की त्यांचा सरळ ‘ख’ झाला होता. गेला आठवडाभर मी तो पाहत होते आणि मला तो दिसला नव्हता, कारण तिथे काय लिहिलंय हे मला आधीच ठाऊक होतं. रवा घेणाऱ्या बायका मात्र बनुबाईंसारखं बोट ठेवूनच वाचणार होत्या. आणि गनीभाईही तसेच वाचत.

“दोन मिनिटं द्या,” मी म्हटलं. पिशवीतून ब्लेड काढलं. ‘व’ खरवडला, सफेदा लावला, पलीकडे सरकवला. बरोब्बर तेवढाच.

“र... वा,” बनुबाई म्हणाल्या. “रवा! हां, आत्ता झालं.”

लेबल पास झालं. मी तशीच झेंडीगेटला गनीभाईंच्या घरी गेले. गनीभाई दारात बसून रॉकेलमध्ये ब्रश धूत होते.

“पास झालं?” त्यांनीच विचारलं.

“झालं. तुमच्यासारखंच केलं. मी चुकले, गनीभाई. फार चुकले. सोमवारी या ना. मी सगळ्यांसमोर माफी मागते.”

“माफी कसली? दिली,” ते म्हणाले. “पन येनार न्हाई. अठरा वर्सं हुतो तिथं, कुनी कदी माझ्याकडं संशयानं वळून बगितलं न्हाई. आता मी टेबलावरनं उठलो की लोक काय काय जागेवर हाय ते बगतील. तू माफी मागितल्यावरबी बगतील.”

मी घरी जाईपर्यंत रडत होते.

सोमवारी मी पाथर्डीला गेले नाही, प्रेसमध्ये गेले. रंगनाथरावांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, “असू दे. आता गनीभाईंचं पाट्यांचं कामही तूच बघ.” नाही म्हणायला हवं होतं. मी हो म्हटलं.