खिळ्यावरची पिशवी

पिशवी उलटी करून एनेइदाने तिच्यात नाक खुपसलं, हुंगलं, आणि मग ती साबणाच्या पाण्यात बुडवली.

"यात काय आणलं होतंस काल?"

"कांदे आणायला नेली होती," ओडालिस म्हणाली. ती स्टोव्हकडे तोंड करून उभी होती. कॉफी वर आली होती, तरी भांडं उतरवायला तिचा हात गेला नाही. "मिळाले नाहीत. रिकामीच आणली."

"रिकामी," म्हातारी म्हणाली.

पिशवी दोन्ही तळव्यांत चोळून तिने ती झटकली, उठून गॅलरीतल्या दोरीपर्यंत भिंत चाचपत गेली आणि चिमटा लावून ती टांगली. दोरीवर आधीच सहा-सात पिशव्या वाळत होत्या. खाडीवरून वारा आला की त्या फुगायच्या, आणि खालून पाहणाऱ्याला वाटावं, तिसऱ्या मजल्यावर कोणी कोंबड्या टांगल्यात.

हवानापासून दोन तासांवरच्या मातान्सासमध्ये दुकानदार पिशवी देत नाही. बाजाराच्या दारात एक म्हातारा "हाबा, हाबा" अशी तिथल्या भाषेत पिशवीची हाळी देत एकेक पिशवी विकतो. पण त्याच्याकडून घेणं म्हणजे घर नीट चालवता येत नाही असं चारचौघांत कबूल करणं. एनेइदाच्या घरात विकतची पिशवी कधी आली नव्हती आणि असलेली कधी टाकली गेली नव्हती. कपडे धुऊन उरलेल्या पाण्यात ती रोज पिशव्या धुवायची. वाळल्या की त्रिकोणी घड्या घालायची. बंद फाटला की पिशवी बादलीवरचं झाकण व्हायची, झाकण फाटलं की तिच्या पट्ट्या होऊन टोमॅटोचं रोप काठीला बांधलं जायचं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून तिला उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. भिंग येईल तेव्हा ऑपरेशन, असं डॉक्टर सांगत होते आणि भिंग येत नव्हतं. त्यामुळे पिशव्या ती बोटांनी आणि नाकाने ओळखायची. ब्रेडची वेगळी, मासळीची वेगळी, कंदांची माती लागलेली वेगळी.

दाराशेजारच्या खिळ्याला दोन पिशव्या असायच्या. एक रोजची, बाहेर पडणाऱ्याने न चुकता घ्यायची, कारण रस्त्यात कुठे काय मिळेल ते सांगता येत नाही. दुसरी पिवळी, जाड, बंद शिवलेले. ती रिगोच्या पहिल्या पार्सलबरोबर टाम्पाहून आली होती. तिच्यात कांदे घालायला एनेइदाने कधी परवानगी दिली नाही. ही पिशवी वेळ आलीच तर, असं ती म्हणायची. कसली वेळ, ते कोणी विचारलं नव्हतं.

रिगो तिचा मुलगा आणि ओडालिसचा नवरा. पाच वर्षांपूर्वी तो परदेशी, टाम्पाला गेला तेव्हा वर्षभरात दोघींना बोलावून घेणार होता. आधी पार्सलं आली. मग फोन. मग फोनवर मागे एका बाईचा आवाज, त्यानंतर एका तान्ह्या मुलाचा, आणि मग काहीच नाही. दोघी एकमेकींच्या वाट्याला आल्या. ओडालिस म्हातारीला आंघोळ घालत होती, नखं कापत होती, जिन्यात हात धरत होती, आणि सगळी गल्ली तिला संत म्हणत होती. संतबाईंना आधी द्या, म्हणून मटणवाला तिला पुढे घ्यायचा. बायका आपल्या सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या. हे कौतुक म्हणजे बाहेरून लावलेली कडी होती. आतून ती काढायला हात पोचत नव्हता.

ओडालिसची बहीण यामिला ब्राझीलमध्ये, कुरितिबाला होती. तिने हिचं विमानाचं तिकीट काढलं होतं. तिचे निरोप ओडालिस न्हाणीघरात दार लावून, फोन कानाला चिकटवून ऐकायची. इकडे हाडं गोठतात, यामिला सांगायची, गरम काही असेल तर घेऊन ये. गरम काही नव्हतं. जे होतं ते ओडालिसने तीन आठवडे एकेक करून खाली नेलं होतं. बॅग घेऊन जिना उतरली असती तर दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत गल्लीला कळलं असतं. म्हणून एके दिवशी स्कर्ट, एके दिवशी दोन ब्लाउज, एके दिवशी बूट, सगळं बाजारच्या पिशवीत घालून तळमजल्यावरच्या निएवेसकडे. गावाच्या पिशव्या रिकाम्या जात आणि भरून येत. तिची भरून जात होती आणि रिकामी येत होती. कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास पिशवीला लागत असेल, हे तिच्या डोक्यात आलंच नाही.

हवानाला जाणारी मोटार दहाला औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर उभी राहणार होती.

ओडालिसने कॉफी ओतली. म्हातारीच्या खुर्चीच्या उजव्या हाताला पाण्याचा पेला ठेवला, गोळ्या ठेवल्या, पंख्याचं तोंड वळवलं. मग पुन्हा एकदा पेला हलवून होता तिथेच ठेवला.

"दुपारचा भात झाकून ठेवलाय, आई."

"बरं."

"घेवडाही आहे."

"इतकं सकाळीच कशाला केलंस?"

"केला," ओडालिस म्हणाली.

रोज बाहेर पडताना ती दारातून "येते" म्हणायची आणि गॅलरीतून "हो" यायचं. आज दाराची मूठ धरून ती थांबली. तो एक शब्द तोंडातून निघेना.

"ब्रेड आला का बघते," ती म्हणाली आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.

निएवेस दार किलकिलं करून वाटच पाहत होती. ती अंगाने भरलेली, तोंडाने फटकळ, आणि गुपित ठेवण्यात पक्की बाई होती. तिचा नवरा बॅग घेऊन मागच्या बोळातून केव्हाच गेला होता. दोन्ही वेळचं जेवण वर पोचवायचं तिने कबूल केलं होतं. पैसे पाठवीन, असं ओडालिस तिला चौथ्यांदा सांगायला लागली तेव्हा तिने हात झटकला.

"पाठवलेस तर पाठवलेस. नाही तर काय, म्हातारीला उपाशी ठेवणारेय का मी? आणि चेहरा नीट कर आधी. मयताला निघालीयस का?"

"तिला कसं सांगशील?"

"सांगेन मी. संध्याकाळी. तू विमानात बसल्यावर." निएवेसने तिच्या ब्लाउजची कॉलर सरळ केली. "जा आता. आणि पळू नकोस. चालणाऱ्याकडे कोणी बघत नाही."

गल्ली उताराची होती. मधल्या टप्प्यावर ब्रेडचं दुकान, त्यापुढे औषधाचं दुकान, आणि तिथे मोटारीचं करडं नाक दिसत होतं. ब्रेड अजून भट्टीत होता. दुकानाबाहेर पंधरा-वीस माणसं भिंतीच्या सावलीत जमेल तशी उभी होती. ओडालिस पलीकडच्या बाजूने निघाली. खांद्याला पर्स, हात मोकळे. ते मोकळे हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

"ओडालिस!"

आवाज वरून आला. सगळ्या माना वर गेल्या.

एनेइदा गॅलरीच्या कठड्याला पोट टेकून उभी होती. तिचं तोंड गल्लीच्या भलत्याच टोकाकडे होतं.

"ओडालिस! पिशवी राहिली खिळ्यावर!"

रांगेत हसू पसरलं. एवेलिओ म्हणून एक निवृत्त पोस्टमन होता, रांगेत त्याची जीभ कधी रिकामी नसायची.

"संतबाई, ब्रेड काय खिशात भरून नेणार?"

"प्रेमात पडली असेल," एक बाई म्हणाली.

"प्रेमात पडलेली बाईसुद्धा पिशवी विसरत नाही," एवेलिओ म्हणाला. "या गावात बिनपिशवीचं घराबाहेर पडतं कोण? एक तर पर्यटक, नाही तर पळून जाणारा."

पुन्हा सगळे हसले. ओडालिसही हसली. हसताना तिला आपले दात कोरडे लागले. ती रस्ता ओलांडून परत आली आणि गॅलरीखाली उभी राहिली. निएवेसचं दार आता घट्ट बंद होतं.

वरून टोपली सुटली. सुतळीला बांधलेली वेताची टोपली, जिना चढावा लागू नये म्हणून घरोघरी असते तशी. एनेइदा हाताने माप घेत दोर सोडत होती. टोपली पहिल्या मजल्याच्या खिडकीवर आपटली, फिरली, आणि ओडालिसच्या छातीपाशी येऊन थांबली.

टोपलीत पिवळी पिशवी होती. तिला वजन होतं.

ओडालिसने तिचा बंद धरला, पण ती बाहेर काढली नाही. पिशवीचं तोंड थोडं उघडं होतं. आत घडी करून ठेवलेली तपकिरी लोकर दिसत होती. रिगोचा स्वेटर. या गावात तो कधी कोणाच्या अंगावर चढला नव्हता, रिगोच्या बापाची आठवण म्हणून तो कपाटाच्या तळाशी असायचा. त्यावर कागदात गुंडाळलेलं काहीतरी. कालच्या ब्रेडची, आपण रात्रीच खाल्ला असं म्हातारीने सांगितलेल्या ब्रेडची, भाजलेली फोड. डांबरगोळ्यांचा वास तिच्या नाकात शिरला आणि सकाळची ती हुंगलेली पिशवी तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मग न्हाणीघराचं पातळ दार.

तिने वर पाहिलं. म्हातारी तिच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होती.

"घेतलीस?"

"घेतली, आई."

"इथे मिळाला नाही तर पुढे बघ," एनेइदा म्हणाली. आवाज मोठा होता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा, आणि अगदी सरळ. "जिथे मिळेल तिथून घे. माझ्यासाठी थांबू नकोस. माझं झालंय खाऊन."

"बघा, सासू असावी तर अशी," रांगेतून कोणी म्हणालं.

ओडालिसने पिशवी बाहेर काढली. टोपली हलकी झाली आणि हेलकावली. काहीतरी बोलायला हवं होतं. सगळे बघत होते. तिने ओठ ओले केले.

"येते," ती म्हणाली.

वर दोरीवरच्या पिशव्या फुगल्या आणि बसल्या.

"हो," एनेइदा म्हणाली. "हो, पोरी."

आता हातात पिशवी होती, आणि हातात पिशवी असलेल्या बाईला ब्रेडच्या दुकानावरून तसंच पुढे जाता येत नाही. एवेलिओने तर तिच्यासाठी जागाच केली.

"या, संतबाई. शेवटचा मीच आहे. माझ्या मागे."

ती त्याच्या मागे उभी राहिली. पुढची बाई वीज किती वाजता जाणार ते सांगत होती. दुसरी म्हणत होती, गेलेलीच आहे, आता काय जाणार. भट्टीचा वास बाहेर आला आणि लोक थोडे पुढे सरकले. ओडालिसही एक पाऊल सरकली. ते पाऊल तिने टाकलं नव्हतं, पायांनी आपणच टाकलं. असंच उभं राहावं, ब्रेड घ्यावा, टोपलीत घालावा, वर जावं, स्वेटर कपाटाच्या तळाशी ठेवावा. कोणी एक शब्दही विचारणार नाही. संध्याकाळी सगळ्या पिशव्या वाळलेल्या असतील.

कोपऱ्यावर मोटारीचा हॉर्न वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला.

ब्रेड घ्यायला गेलेलं माणूस परत येईपर्यंत एनेइदा टोपली वर ओढत नसे. टोपली खाली लोंबत राहायची आणि ती कठड्याशी उभी राहायची, सुतळी बोटाला गुंडाळून, मासा लागायची वाट पाहिल्यासारखी. ओडालिसने मान वळवून वर पाहिलं.

टोपली नव्हती. कठड्याशी कोणी नव्हतं. गॅलरीची दारं, जी दिवसा कधी बंद नसत, ती आतून लावलेली होती. बाहेर फक्त पिशव्या होत्या.

वरच्या अंगाने एक बाई धापा टाकत आली. तिच्या मुठीत चुरगळलेली निळी पिशवी होती. रांगेकडे बघून तिने नेहमीसारखं विचारलं, "शेवटचं कोण?"

एवेलिओ मागे वळला आणि ओडालिसकडे बघत राहिला. रांगेत शेवटची तीच होती, म्हणून हात तिने वर करायचा होता.

"हे आहेत शेवटचे," ओडालिस एवेलिओकडे बोट करून म्हणाली. "मी रांगेत नाही."

एवेलिओने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पिवळ्या पिशवीकडे, तिच्या तोंडातून डोकावणाऱ्या लोकरीकडे. मग वरच्या बंद दारांकडे. त्याने हात वर केला.

"मी," तो त्या बाईला म्हणाला. "शेवटचा मीच. या, माझ्या मागे उभ्या राहा."