उघाडीची जबाबदारी

“मालकाचं नाव?” पेणच्या वकीलबाईंनी विचारलं.

“जनू.”

“आणि धंद्याचं?”

जनूला प्रश्नच कळेना. धरमतरच्या खाडीकाठी त्याचं गाव. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध, आणि पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून त्या बांधात लाकडी दाराची उघाडी. ती दुरुस्त करायला तो बापाकडून शिकला होता. गाव बोलवी, हा जाई, सुगीला घरटी थोडं भात मिळे. याला धंदा म्हणतात हे त्याला आजच समजत होतं. पण यंदा सरकारी खात्यानं हे काम रीतसर द्यायचं ठरवलं होतं, आणि रीतसर म्हणजे नोंदणी, करार आणि बिल.

“तुमचंच नाव लावू,” बाई म्हणाल्या. “एकट्याचा धंदा म्हणजे तुम्ही आणि धंदा वेगळे नाही. मदतीला माणसं घ्या हवी तितकी. पण वर्षभरात उघाडी फुटली तर भरपाई तुम्ही द्यायची. जवळ पैसा नसेल तर घरादारावर येईल.”

“घरावर?”

“हो. म्हणून नीट विचार करून सही करा.”

जनूनं विचार केला आणि सही केली. एसटीत बसल्यावर मात्र बाईंचं माणसं घेण्याचं बोलणं कुठल्या कुठे गेलं, घराचं तेवढं डोक्यात राहिलं. ते कौलारू घर त्यानं आणि बायकोनं, ठमाबाईनं, मिठागरात राबून उभं केलं होतं.

उघाडी झकास दुरुस्त झाली. सासूनं नव्या सुनेवर ठेवावी तशी जनू तिच्यावर नजर ठेवू लागला. एका संध्याकाळी शेजारचा महिपती घरी जाता जाता वाकला आणि चौकटीजवळचं खेकड्याचं बीळ मूठभर चिखलानं लिंपू लागला. गावात सगळेच हे लहानपणापासून करत आले होते.

“हात नको लावू!” जनू ओरडला. “कागद झालाय. हिची जबाबदारी आता माजी एकट्याची हाय. बिघडलं तर माजं घर जाईल, तुजं नाय.”

महिपतीनं हात खाडीत धुतले. “बरं, मालक,” तो म्हणाला.

गावानं ते नाव लगेच उचललं. पोरंठोरंसुद्धा त्याला मालक म्हणू लागली. खोटं कशाला बोला, जनूला ते जरा बरंही वाटलं.

आषाढातल्या अमावास्येला भर दुपारी उधाण आलं. चौकटीच्या कडेनं पाणी झिरपू लागलं आणि बघता बघता बांधाची माती सुटू लागली. जनू कमरेभर चिखलात उभा राहून माती ओतत होता, ठमाबाई घमेली भरून देत होती. पण दोघं टाकत होती त्याहून जास्त माती पाणी नेत होतं.

बांधावर सगळं गाव जमलं होतं. घमेली, फावडी, सगळं हातात होतं. एरवी अशा वेळी हाकेचीही वाट न बघता लोक धावून येत. आज कुणी जागचं हलेना. थोडा राग होता, पण त्याहून भीती मोठी होती. उद्या याचं घर गेलं तर बोट आपल्याकडे यायचं.

“अवो, हाक मारा की त्यांना!” ठमाबाई रडकुंडीला आली. “शेतं काय आपली एकट्याची हायत व्हय?”

जनू वर न बघता माती ओतत राहिला. शेवटी महिपतीच भरलेलं घमेलं खांद्यावर घेऊन खाली उतरला. जनूसमोर येऊन थांबला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

“जनू, टाकू काय?”

बांधावर माती टाकायला आजवर कुणी कुणाला विचारलं नव्हतं. यापेक्षा यानं आपल्याला चिखलात लोटून दिलं असतं तर परवडलं असतं, असं जनूला वाटलं.

“टाक रं,” तो कसाबसा म्हणाला.

मग गाव खाली उतरलं. ओहोटी लागेपर्यंत माती पडत राहिली. बांध टिकला, घरही वाचलं. पण घमेलं ओतण्याआधी प्रत्येक जण क्षणभर थांबून जनूकडे बघत होता, आणि जनू खाली बघत प्रत्येकाला मान हलवत होता.