कोरडा राहिलेला घण

मित्रांनो, मी एक जुना घण आहे. खरं तर घणाचं नुसतं डोकं. दांडा कधीच गेला. एकोणीसशे बासष्टच्या सुमारास चिंचवडच्या एका लोहारकामाच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. तेव्हा आजूबाजूला कारखाने नुकते उभे राहत होते.

त्याच शेडमधल्या शांतवननं मला बाभळीचा दांडा बसवला. तो घण मारायचा आणि पुनावळ्याचा ज्योतीराम समोर बसून छिन्नी धरायचा. काय जोडी होती! शेडचे मालक शेठसुद्धा उभे राहून बघायचे. उन्हाळ्यात दांडा सुकून आकसतो आणि डोकं सैल होतं. म्हणून सुटी झाली की शांतवन मला पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचा. सकाळपर्यंत लाकूड फुगायचं आणि मी घट्ट बसायचो.

एका वैशाखात शिफ्टच्या अदलाबदलीवरून दोघांचं चांगलंच वाजलं. "मर तिकडं!" म्हणून शांतवन तणतणत निघून गेला. मी कोरडाच राहिलो.

सकाळी राग कुठल्या कुठे पळाला होता. एक कप चहा दोघांनी वाटून घेतला आणि हसत कामाला लागले. पहिल्याच घावाला मी दांड्यावरून निसटलो. मला थांबता आलं नाही हो. ज्योतीराम पुन्हा उठला नाही.

सगळ्यांनी अपघात म्हटलं. शांतवन मला घरी घेऊन आला. त्याच्या चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. त्यांनी बायबलमधली, शास्त्रातली गोष्ट सांगितली: रानात लाकूड तोडताना कुऱ्हाडीचं पातं निसटलं आणि सोबती मेला, तर मारणाऱ्यानं जीव वाचवायला आसऱ्याच्या गावी पळून जावं. आधीचं वैर नसेल, तर तो खुनी नव्हे.

"पण साहेब, आदल्या दिवशीच मी त्याला मर म्हणालो होतो."

शांतवनच्या हातात वैर नव्हतं, हे मला माहीत होतं. पण लोखंडाची साक्ष कोण काढणार?

शांतवन आसऱ्याला कुठे पळाला नाही. मला पिशवीत घालून तो थेट ज्योतीरामच्या बायकोच्या, केसरबाईच्या दारात गेला.

"वहिनी, माझ्या मनात तसं काही नव्हतं."

"ठावं हाय मला, भाऊजी. मर तर मी बी त्यांना रोज म्हणायची."

शांतवन ओक्साबोक्शी रडला. केसरबाईनं त्याला पाणी दिलं. मग हळूच विचारलं, "पर भाऊजी, घण पाण्यात का न्हाई ठिवला?"

शांतवननं मला पिशवीतून काढून तिच्या दाराशी ठेवलं. त्यानं पुन्हा कधी घण उचलला नाही. मी अजून त्याच दाराशी गंजत पडलो आहे.

मित्रांनो, भांडा, रुसा, हवं ते बोला. पण घरी जाण्याआधी हातातलं काम तेवढं पुरं करून जा.