राहून गेलेली स्लाइड

'घास रे रंध्या, साल निघू दे,
येईल त्याचा हात टेकू दे...'

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेला हा पहिला आवाज. विद्यापीठाच्या कर्मशाळेतले सुतारकाका काम करताना असे काहीबाही जुळवून गुणगुणत. जाड फळ्या जोडून, माथा किंचित उतरता ठेवून त्यांनी मला उभे केले. दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिले आणि म्हणाले, "बोलणारे डगमगतील. तू डगमगायचं नाहीस." तो मी, सभागृहातला जुना पोडियम. वक्ता ज्याच्यामागे उभा राहून बोलतो, तो. एकतीस वर्षे झाली, मी डगमगलेलो नाही. हे मी ताठ मानेने सांगतो, मला मान नसली तरी.

दर वर्षी आमच्याकडे माहिती तंत्रज्ञानाची परिषद भरते. दोन दिवस वक्त्यांची रीघ लागते. वक्ता कितीही मोठा असो, आधी विचारतो, "आवाज येतोय ना मागपर्यंत?" मग लॅपटॉपचे आणि पडद्याचे सूत जुळेपर्यंत उगाच हसत उभा राहतो. कुणी माझ्या कडा घट्ट धरतो, कुणी बोटांनी ठेका धरतो. पहिल्यांदाच बोलणाऱ्यांचे तळहात माझ्या माथ्यावर ओले ठसे सोडून जातात. लोक चेहरे बघतात, मी हात बघतो. चेहऱ्याला सोंग जमते, हातांना जमत नाही.

त्यातले दोन हात मी चोवीस वर्षे ओळखतो. ते पहिल्यांदा आले तेव्हा एका विद्यार्थिनीचे होते. परीक्षेचे वेळापत्रक संगणकाकडून कसे लावून घ्यायचे, हा तिचा विषय. हजारो मुले, शेकडो पेपर, आणि एकाच मुलाचे दोन पेपर एका वेळी येता कामा नयेत. "जो पेपर सगळ्यात जास्त पेपरांच्या आड येतो, त्याला आधी जागा द्यायची," ती म्हणाली. "मग बाकीचे मावतात." सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतून कुणीतरी विचारले, "हे सुचलं कसं?"

ती म्हणाली, "सुचलं एका दुपारी."

माझ्या कडेवरची तिची बोटे पांढरी पडली. लॅपटॉप माझ्या माथ्यावर असतो, त्यामुळे पुढे कोणती स्लाइड येणार ते पडद्याआधी मला दिसते. तिची एक स्लाइड अजून उरली होती. तीवर एकच ओळ होती : 'ही युक्ती माझ्या ताईची आहे.' तेवढ्यात अध्यक्षांची घंटा वाजली. "वेळ कमी आहे," असे म्हणून तिने लॅपटॉपचे झाकण मिटले.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. आमच्याच परीक्षा विभागात कारकून. टेबलभर रंगीत चिठ्ठ्या मांडून ती वेळापत्रके लावायची. भाषण ऐकायला ती मागच्या दाराजवळ बसली होती. जेवणाची सुट्टी झाल्यावर पुढे आली.

"छान बोललीस. पण इतकं अवघड करून कशाला सांगायचं गं? घरातला फोटो काढताना मी हेच करते. आत्याचं निम्म्या घराशी वाकडं, म्हणून तिला आधी उभं करायचं. बाकीचे कुठेही मावतात."

धाकटी हसली. मग हळूच म्हणाली, "ताई, मी तुझं नाव..."

"नाव कसलं? चल, जेवण गार होतंय."

एवढे म्हणून ताईने माझ्या माथ्यावर हात टेकला. तो हात तिथे जरा जास्तच वेळ राहिला. मी काय ते समजलो.

पुढे धाकटी दुसऱ्या विद्यापीठात मोठी प्राध्यापक झाली. ती युक्ती पुस्तकांत गेली आणि धाकटीच्या नावाने ओळखली जाऊ लागली. आणखी दोनदा ती आमच्याकडे बोलायला आली. दोन्ही वेळा ती स्लाइड होती, दोन्ही वेळा ताई मागे होती, आणि दोन्ही वेळा झाकण मिटले. नाव जितके मोठे होत गेले, तितके ते झाकण जड होत गेले.

मधल्या काळात माझेही दिवस फिरले. वक्ते कानाला माइक लावून बागेत फिरावे तसे मंचावर फिरू लागले. मला पडद्यामागे ढकलले. माझ्या माथ्यावर वायरींची वेटोळी आली, रिकाम्या बाटल्या आल्या. मी रुसलो नाही. कोपऱ्यात उभा होतो, पण सरळ उभा होतो.

यंदा उद्घाटनाच्या भाषणाला धाकटीला बोलावले. त्याच महिन्याच्या शेवटी ताई निवृत्त होणार होती. म्हणजे आता नाही, तर कधीच नाही.

"मॅडम, कानाचा माइक आहे. मोकळेपणाने फिरा," व्यवस्था बघणारे तरुण सर म्हणाले.

"नको. मला धरायला काहीतरी हवं. तो जुना पोडियम आहे का अजून?"

"आहे, पण त्याच्यावर कुणाची तरी छत्री वाळतेय."

"मग छत्री काढा."

मित्रांनो, जुनी वस्तू अडगळीत टाकण्याआधी एकदा तिच्यावर भार टाकून बघा. ती पेलते की नाही, ते तेव्हाच कळते. त्या दिवशी मी काय पेलले, ते माझे मला ठाऊक.

भाषण संपत आले. घंटा वाजली. धाकटीचा हात झाकणाकडे गेला, थबकला आणि परत माझ्या कडेवर आला.

"मॅडम, वेळ झाली," अध्यक्ष हळूच म्हणाले.

"एक मिनिट घेते, सर. चोवीस वर्षं राहून गेलंय." तिने बटण दाबले. ती ओळ भिंतीएवढी झाली. "एका दुपारी सुचलं, असं मी इथेच उभी राहून सांगितलं होतं. ते खोटं होतं. ज्यांना सुचलं त्या तिथे, दाराजवळ बसल्या आहेत. परीक्षा विभागात काम करतात. मी फक्त संगणकाला शिकवलं."

सगळ्या माना मागे वळल्या. ताई उठली. मधल्या वाटेने चालत आली, एकदाही घाई न करता, आणि पायऱ्या चढून माझ्यापाशी थांबली. धाकटीचे हात अजून माझ्या कडांवरच होते. ताईने त्यांवर आपला हात ठेवला. माइक चालूच होता, म्हणून ती जे म्हणाली ते मागच्या रांगेपर्यंत गेले.

"तू बोलायचीस तेव्हा मी तेवढं ऐकायलाच येत होते गं."