बुडीत गावाचा नंबर

दिंद्रुडला सर्जेरावाच्या गिरणीत दळण टाकायचं तर आधी डब्यावर खडूनं नंबर घालून घ्यावा लागतो. डबा बंगल्यावरून आलेला असो की पालातून, खडू तोच. सर्जेराव जाऊन चार वर्षं झाली. गिरणी आता त्याची लेक पौर्णिमा चालवते, आणि दाराशी रिकाम्या पोत्यावर बसून तिची माय दगडाबाई खडू चालवते.

त्या खडूमागं एक जुनं दुखणं होतं. सर्जेराव पोर असताना आईच्या पदराला धरून दुसऱ्या गावच्या गिरणीत जायचा. त्यांच्या वस्तीचे डबे तिथं भिंतीच्या कडेला, वेगळे. मागून आलेला प्रत्येक डबा पुढं सरकायचा आणि सकाळी नेलेल्या ज्वारीचं पीठ दिवेलागणीला हाती पडायचं. मोठा झाल्यावर त्यानं स्वतःची गिरणी टाकली, बाबासाहेबांची तसबीर लावली आणि तिच्याखाली पाटी टांगली: नंबराप्रमाणे.

ह्याच गिरणीत बसून पौर्णिमा आणखी एक काम करायची. हौशी लोकांनी नोकरीधंदा सांभाळून, घरच्या घरी बनवलेले कॉम्प्युटरवरचे खेळ ती खेळायची. म्हणजे ज्यात आपण एका पात्राच्या अंगात शिरतो, अनोळखी मुलखात हिंडतो, भेटेल त्याच्याशी बोलतो, अंगावर घेतलेली कामगिरी पार पाडतो, असे खेळ. मोठ्या कंपन्यांच्या खेळांवर बोलायला जग पडलंय. पण लातूरच्या कंडक्टरनं ड्युटीवरून आल्यावर बनवलेला खेळ, परभणीच्या नर्सनं सुट्टीत जोडलेला खेळ, त्याच्याकडं कोण बघणार? पौर्णिमा बघायची. शेवटापर्यंत खेळायची, परीक्षण लिहायची, बनवणाऱ्याला आधी वाचायला द्यायची आणि मग आपल्या ‘गिरणीवरून’ ह्या चॅनेलवर वाचून दाखवायची. मागं गिरणीची घरघर तशीच राहू द्यायची. सहाशे-सातशे माणसं ऐकायची, पण जीव लावून ऐकायची. दळणाच्या वहीत मागच्या पानापासून खेळांचे नंबर लिहिलेले होते. तिथंही बापाचीच पाटी.

तेविसाव्या नंबरावर लिहिलं होतं: ‘बुडीत’, सिदू, माजलगाव.

सिदूचं मोटार वाइंडिंगचं छोटं दुकान होतं. जळालेल्या मोटारीची तांब्याची तार उकलायची, नवी गुंडाळायची, आणि उरल्या वेळात खेळ बनवायचा. तीन वर्षं लागली होती त्याला. खेळातलं गाव होतं त्याच्या आईचं, सुंदरबाईचं, माहेर. ते धरणात गेलं तेव्हा सुंदरबाई नवी नवरी होती. आता ती अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचं एकच मागणं उरलं होतं: आपल्या गावात परकं कुणीतरी यावं, दारोदार हिंडावं, आणि ते तिच्या कानावर पडावं. त्यासाठीच सिदूनं खेळ पौर्णिमाकडं धाडला होता.

हे पौर्णिमाला ठाऊक नव्हतं. सिदूनं सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलं नव्हतं.

दिवाळीनंतर त्याचा पहिला निरोप आला होता. “ताई, माझा नंबर कधी लागंल?” तिनं कळवलं, “बारा खेळ पुढं आहेत दादा.” दुसरा निरोप आला तो दिवस मात्र तिच्या ध्यानात राहिला, कारण त्या दिवशी गिरणीत तमाशा झाला होता.

विजयसिंह, गावातलं बडं प्रस्थ, स्वतः डबा घेऊन आला आणि थेट गिरणीच्या तोंडाशी टेकवला.

“पौर्णिमा, हे आदी घे बरं. बाकीचं मागून.”

“कावून वो, विजयसिंहराव?” दगडाबाईनं बसल्या जागेवरून विचारलं. “एवढी कशाची घाई?”

“पाव्हने यायलेत की जेवायला. लई मोठे हायेत.”

“मंग त्यान्ला आदी चहा पाजा. अकरावा नंबर हाय तुमचा.”

“आवो मावशी, चहावर किती येळ काढावा मानसानं?”

“पाव्हने मोठे हायेत म्हणता, तर दोन कप पाजा.”

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. विजयसिंहही हसला आणि मुकाट्यानं डब्यावर अकराचा आकडा घालून घेतला. तेवढ्यात विमलबाई आली. डबा काखेत, डोळे सुजलेले.

“दगडाबाई, चुलत सासरा गेला बगा सकाळी. त्येंच्या घरी चूल न्हाई. मानसं यायलीत, भाकरी आमच्याकडंच थापायच्यात.”

दगडाबाईनं खडू खाली ठेवला. त्या डब्यावर आकडा घातलाच नाही. विजयसिंहानंच आपला डबा पायानं बाजूला सारला आणि विमलबाईचा उचलून पुढं ठेवला. मयताच्या घरचं दळण त्या गिरणीत नंबर लावून थांबत नव्हतं. हाही सर्जेरावाचाच कायदा, फक्त पाटीवर न लिहिलेला.

ते पीठ पडत असतानाच फोन वाजला. “ताई, जरा लवकर जमंल का? लई उपकार होतील.” पौर्णिमाचा अंगठा पिठानं पांढरा झाला होता. तिनं तो ओढणीला पुसला आणि लिहिलं, “नंबराप्रमाणेच होईल दादा. इथं सगळे सारखे.” लिहून तिला बरं वाटलं. बापाचं नाव राखल्यासारखं.

“बरं ताई,” सिदूचं उत्तर आलं. एवढंच.

*

जानेवारी सरता सरता तेविसावा नंबर लागला. दुपारी लाइट गेली, गिरणी थांबली, आणि पौर्णिमानं पिठाच्या वासात लॅपटॉप उघडला.

काळं पाणी. पाण्यावर अक्षरं. मग पाणी दोन बाजूंना सरलं आणि खालून गाव वर आलं. बारीक बारीक चौकोनांचं गाव. मातीची घरं, चिंच, आड, पार. डोक्यावर घागर घेतलेली एक पोरगी वेशीत उभी. तिच्या अंगात आता पौर्णिमा.

खेळात तलवार नव्हती, राक्षस नव्हता. गावाला सांगावा आला होता की पाणी येणार. पोरीनं घरोघर जायचं, काय न्यायचं राहिलंय ते विचारायचं आणि उचलायचं. पण घागरीत नऊच वस्तू मावत. कुणी जोडवी देई, कुणी उंबऱ्याचा तुकडा, कुणी मेलेल्या बैलाची घुंगरमाळ. दहावी घेतली की एक काढून टाकावी लागे. ज्याची काढली त्याचं घर हळूच करडं पडे.

आणि ज्या ज्या घरात जातं होतं, त्याच्याजवळ उभं राहिलं की एक बाई गाऊ लागे. आवाज खरा होता, म्हातारा होता.

*दळण दळीते, पीठ पडे भुरुभुरु*
*बुडालं माझं गाव, वाट कुनाला इच्यारू*

पौर्णिमा पुढच्या घरी गेली:

*पान्याखाली गेली माझ्या माहेराची वेस*
*दारामंदी उभी माय, पान्यावर तिचे केस*

दोन ओळींच्या मध्ये बाईला धाप लागे. श्वास घरघरत आत जाई, क्षणभर अडकून राही, मग पुढचा शब्द येई.

शेवटच्या घरात एक म्हातारी जात्याशी बसलेली. ती पोरीला विचारी, “कोन गावची गं तू?” आणि मग, “कावून आलीस?” उत्तराला रिकामी चौकट होती. वहीत टिपणं करायच्या नादात पौर्णिमानं ती रिकामीच सोडली. म्हातारी म्हणाली, “आलीस न्हवं, बस. पानी यायला येळ हाय अजून.” पौर्णिमा मागं गेली, चौकटीत काहीतरी अगडबगड लिहून पाहिलं. तेच उत्तर. तिसऱ्यांदाही तेच. तिनं टिपून घेतलं आणि बसायचं सोडून वेशीबाहेर पडली. मागं पाणी चढलं. खेळ संपला.

त्याच आठवड्यात तिनं परीक्षण लिहिलं. इतकं मनापासून तिनं आजवर कुणाबद्दल लिहिलं नव्हतं. ‘ह्या गावात शिरताना चप्पल काढावीशी वाटते,’ असं पहिलंच वाक्य. पण परीक्षण म्हटलं की दोषही आले. तिनं तीन लिहिले. कोंबड्या भिंतीतून आरपार जातात. शेवटची म्हातारी प्रश्न विचारते, पण काहीही उत्तर दिलं तरी एकच वाक्य बोलते. आणि तिसरा: ओव्या जिवाला भिडतात, पण गाणाऱ्या बाईंची धाप सारखी ऐकू येते, त्यांना जरा विसावा देऊन रेकॉर्डिंग पुन्हा करावं.

रिवाजाप्रमाणे तिनं ते आधी सिदूला धाडलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. चांगलं लांबलचक होतं.

“ताई, वाचलं. कोंबड्यांचं बरोबर हाय, दुरुस्त करतो. रेकॉर्डिंग पुन्हा न्हाई जमायचं. ती माझी माय व्हती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गेली. छातीत पानी झालं व्हतं. लवकर जमंल का म्हणलो ते तिच्यापायी. तिला म्हणलो व्हतो, दिंद्रुडची एक पोरगी आपल्या गावात येनार हाय, घरोघर हिंडनार हाय. मंग ती रोज इच्यारायची, आली का रं ती पोरगी? मी म्हणायचो, वाटंत हाय.

तुमच्यावर राग न्हाई. नंबर म्हंजे नंबर. मीबी सांगायला पायजे व्हतं. पन मायच्या दुखन्याचं नाव काढून पुढं घुसायची लाज वाटली.

म्हातारीच्या उत्तराचा दोष लिव्हलाय तो ऱ्हाऊ द्या. पन ते मी बदलनार न्हाई. ते मायनंच सांगितलंय. म्हणली, कुनीबी येऊ दे, कायबी सांगू दे, आपन बसच म्हणायचं.

आता घाई न्हाई. पायजे तर माझा नंबर मागं टाका.”

पौर्णिमानं फोन पालथा ठेवला. गिरणी चालू होती. धारेखालचा डबा भरला, ओसंडला, पीठ फरशीवर सांडत राहिलं, तरी तिचा हात हलला नाही. दगडाबाई लगबगीनं उठली आणि तिनं बटण दाबलं. घरघर थांबली. मग गिरणीत इतकं सामसूम झालं की बाहेरची बाभळ वाजलेली ऐकू आली.

“काय झालं गं?”

पौर्णिमानं सगळं सांगितलं. दगडाबाई फरशीवरचं पीठ हातानं गोळा करत ऐकत होती.

“दोनदा म्हणला त्यो?”

“हं.”

“आन तू इच्यारलं न्हाईस, कावून म्हणून?”

“नंबर होता ना माय! अण्णांनी एवढ्यासाठीच तर गिरणी टाकली. कुणाला पुढं घ्यायचं न्हाई, कुणाला मागं सारायचं न्हाई...”

“व्हय.” दगडाबाईचे हात थांबले. “पन तुज्या बापाला मागं सारल्याचं दुक्क तेवढं नव्हतं. एकदा घरात त्येची धाकटी बहीन तापानं फणफणलेली. तिच्या पेजंला पीठ पायजे व्हतं. सासूबाई दिवसभर त्या भिंतीकडं उभ्या. एकानंबी इच्यारलं न्हाई, बाई, आज तू एवढी कावून रडायलीस? ते त्याला मरस्तोवर डाचत व्हतं. म्हणून मी आदी इच्यारते, मंग खडू उचलते. आजवर तुला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बग.”

तिचा आवाज कडक नव्हता. तो कडक असता तर पौर्णिमाला सोपं गेलं असतं.

“आता काय करू माय?”

“आता काय करशील?” दगडाबाईनं गोळा केलेलं पीठ सुपात टाकलं. “गेली ती बाई.”

बाहेर डबे मांडून बसलेल्या बायका आत डोकावत होत्या. दगडाबाई दाराशी गेली, खडू उचलला, पुन्हा ठेवला. “जरा दम धरा गं बायांनो,” ती म्हणाली. “मयताच्या घरचं दळण हाय.”

“कुनाच्या वो?” एकीनं विचारलं.

“माजलगावच्या.”

एका बाईनं आपला डबा आपणहून मागं ओढून घेतला.

पौर्णिमानं लॅपटॉप उघडला. परीक्षणातलं धापेचं वाक्य काढून टाकलं. त्याच्या जागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून ती जागा तशीच ठेवली. मग तिनं खेळ पुन्हा सुरू केला.

काळं पाणी सरलं. ह्या वेळी ती वही न घेता गेली. एकेका घरी थांबली, जोडवी घेतली, घुंगरमाळ घेतली, जात्याजवळ उभी राहिली. बाई गात होती. श्वास आत गेला, अडकला. पौर्णिमाचाही अडकला. मग पुढचा शब्द आला. ह्या बाईनं आपल्या गावाच्या एकेका शब्दासाठी एवढा दम कुठून आणला असेल, आणि आपण तिला विसावा घ्यायला सांगत होतो.

शेवटच्या घरात म्हातारी जात्याशी बसलेलीच होती.

“कोन गावची गं तू?”

“दिंद्रुडची,” पौर्णिमानं लिहिलं.

“कावून आलीस?”

चौकट रिकामी. आत एक बारीक रेघ लुकलुकत होती. पौर्णिमानं माफ करा, असं लिहिलं, पुसलं. वाटेत होते, असं लिहिलं, तेही पुसलं. ते खोटं होतं. शेवटी तिनं दोन शब्द लिहिले: उशीर झाला.

म्हातारी जागची हलली नाही. जात्याचा खुंटा तसाच तिच्या मुठीत. मग तिच्या डोक्यावर एकेक अक्षर उमटत गेलं, कुणाच्याही उत्तरावर उमटलं असतं तसंच.

“आलीस न्हवं, बस. पानी यायला येळ हाय अजून.”

पौर्णिमानं कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि ती बसली. पडद्यावर वेशीपाशी पाणी दिसायला लागलं होतं. आड बुडाला, पार बुडाला. ती उठली नाही. दाराशी दगडाबाई खडू न उचलता बसून होती, आणि बायका डबे घेऊन थांबल्या होत्या.