निळ्या टाक्यांची फळी

किण, किण, किण.

दुपारच्या शांत घरात बशीवर कप थरथरला आणि कपाटावर झोपलेली मी जागी झाले.

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. लाकडाची नव्हे, फोमची. पोहायला शिकताना मुलं जिला दोन्ही हातांनी धरतात आणि मागे पाय मारतात ना, ती. कारखान्यात पावासारख्या फुगलेल्या एका भल्या मोठ्या ठोकळ्यातून मला कापून काढलं. मग पोहण्याच्या तलावाजवळच्या दुकानात टोप्या आणि चष्म्यांच्या गर्दीत मी उभी राहिले. तिथून एका शिंप्याने मला आपल्या लेकीसाठी घरी आणलं.

ती लेक पाण्याला इतकी घाबरायची, की पहिल्याच दिवशी तिने माझा एक कोपरा चावून तोडला. दुसरं कोणी असतं तर मला फेकूनच दिलं असतं. शिंपीबाबा तिला रागावलेसुद्धा नाहीत. त्यांनी निळ्या कापडाचा तुकडा कोपऱ्यावर बसवला आणि जाड दोऱ्याने मोत्यांसारखे सारखे टाके घातले. तलावावरची माणसं म्हणायची, "शिंप्याची फळी बघा, तिलाही अस्तर आहे." मला मात्र मिरवल्यासारखं वाटायचं.

बाबा मासोळीसारखे पोहायचे. लेकीच्या पुढे पाठीवर तरंगत जात आणि म्हणत, "ये, ये. फळी आहे, मी आहे. आणखी काय पाहिजे तुला?" एका सकाळी तिने मला सोडलं आणि ती थेट त्यांच्यापर्यंत पोहत गेली. त्या दिवशी माझं फार कौतुक झालं आणि त्याच दिवशी माझं काम संपलं.

पुढे मी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली राहिले, मग कपाटावर गेले. धुळीत पडल्या पडल्या घरातली वर्षं ऐकत होते. लेक मोठी झाली, स्वतः आई झाली. तिच्या मुलीला आजोबा 'खारू' म्हणतात, कारण ती दिसेल त्यावर चढते.

आणि तो कप? तो त्या शिंपीबाबांच्याच हातातला होता. आजोबांना पार्किन्सन्स झाला आहे. हात थरथरतो, पाऊल आखडतं, दारात आलं की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. सुईत दोरा ओवणं त्यांनी सोडून दिलं. "आमचं कापड आटलंय," असं म्हणून हसतात. पण एक गोष्ट त्यांनी घट्ट धरून ठेवली होती. खारूला पोहायला आपणच शिकवायचं. त्यामुळे डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सुचवला, तेव्हा त्यांचा चेहरा एकदम खुलला. खारूने खुर्चीवर चढून मला खाली ओढलं, आईने साबणाने घासून काढलं.

पहिल्या दिवशी खारू घरीच होती. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी मला पुढे केलं. "काका, आधी हिला धरा."

"अहो, ही माझ्या पोरीची आहे. मी पोहायला लागलो तेव्हा हिचा जन्मही झाला नव्हता."

बाई काही म्हणेपर्यंत त्यांनी काठ सोडला. मित्रांनो, हात निघाले, पण पाय निघालेच नाहीत. आजोबा जागच्या जागी खाली जाऊ लागले. बाई शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी लगेच सावरलं. खोकला थांबल्यावर आजोबा हळूच म्हणाले, "पोहणं विसरलो की काय मी?"

"विसरला नाहीत काका. पायांना निरोप उशिरा पोचतोय. या आजारात भल्या भल्या पोहणाऱ्यांचं असं होऊ शकतं. म्हणून पाण्यात कधी एकटं उतरायचं नाही. आणि सध्या नुसतं चालायचं."

"पाण्यात चालायला मी काय बगळा आहे?" घरी येऊन आजोबा म्हणाले आणि पुन्हा जायला तयारच होईनात.

शेवटी आईने युक्ती केली. "बाबा, खारूचा पहिला दिवस आहे. काठावर बसून बघा नुसतं." बरोबर त्यांचे पोहण्याचे कपडे मात्र गुपचूप घेतले.

आणि तलावाकडे जायच्या दारातच आजोबांचे पाय चिकटले. मागे माणसं खोळंबली. "चला ना बाबा," म्हणत आईने हात ओढला, तसे ते आणखीच ताठ झाले.

"ओढू नकोस गं. पडेन मी."

काखेत मला घेऊन खारू पुढे पळाली होती. ती गर्रकन वळली, मी निसटले आणि आजोबांच्या पायांपुढे आडवी पडले.

"आजोबा, तिच्यावर पाय देऊ नका हं. टाके उसवतील."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, स्वतः घातलेल्या टाक्यांकडे पाहिलं. मला ओलांडायला त्यांनी एक पाय उचलला. मग दुसरा. दार मागे राहिलं.

बाईंनी ते पाहिलं होतं. "काका, ओलांडायला काही दिसलं की पाऊल सुटतं. पाण्याच्या तळाशी काळ्या रेघा आहेत. त्याच ओलांडायच्या. येताय?"

"कपडे कुठे आणलेत?" आजोबा म्हणाले. आईने पिशवी पुढे केली. "अगदी तुझ्या आईवर गेलीयस," ते पुटपुटले.

आता आमचा छान जम बसला आहे. छातीइतक्या पाण्यात आजोबा मला धरून लांब लांब पावलं टाकतात. बाई टाळ्यांचा ताल देतात. मग ते मला पाण्याखाली दाबतात, मी उसळून वर येते आणि खारू खिदळते. शेवटी बाई शेजारी राहतात आणि आजोबा उलटे, मागे मागे चालतात. तोही त्यांचा व्यायामच. समोर मला धरून खारू पाय मारत येत असते.

"ये, ये," ते म्हणतात. "फळी आहे, मी आहे."

घरी आईने स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या आहेत. हात ओढणं तिने सोडलं आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कपाटावर माझ्यासारखं कोणी पडलं असेल, तर कधीतरी खाली काढून पुसा. आणि चालता चालता कोणाचे पाय थांबले, तर त्यांना ओढू नका. जरा थांबा. पाय पुढे टाकायला त्यांना काहीतरी दिसू द्या.

आज दुपारी आई माझा सैल झालेला कोपरा पुन्हा शिवत होती. आजोबा मघाशी टाके बघून गेले. "वाकडे आहेत," म्हणाले, "पण पक्के आहेत." खारू आईच्या मांडीला टेकून बसली होती.

"आई, मला येत्या सुट्टीत फळीशिवाय पोहता येईल ना?"

"येईल की."

"मग आजोबा फळी कधी सोडणार?"

आईची सुई कापडातच थांबली. आतल्या खोलीत बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला. किण, किण, किण.